रिकामी पुंगळी : मराठवाड्यातील काडतुसाचा एक मागोवा

दिवाळीत लहान मुलांच्या पत्र्याच्या बंदुकीत टिकल्यांची कागदी गुंडाळी भरतात. चाप ओढला की घोडा पडतो, टिकली फुटते, गंधकाचा वास येतो आणि गुंडाळी एक घर पुढे सरकते. हे खेळणे म्हणजे एका खऱ्या शोधाचे बालरूप आहे, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. १८४५ साली एडवर्ड मेनार्ड या अमेरिकन दंतवैद्याने सैन्याच्या बंदुकीसाठी नेमकी अशीच कागदी पट्टी काढली होती. ठिणगी देणारी टिकली, ढकलणारी दारू आणि जाऊन लागणारी गोळी, या तिघांना एकत्र कसे आणायचे, हा बंदुकीच्या इतिहासातला मूळ प्रश्न. त्याचे शेवटचे उत्तर म्हणजे पितळेची पुंगळी.

या लेखाचा विषय ती पुंगळी आहे, बंदूक नव्हे. हैदराबाद मुक्तिसंग्रामावरची पुस्तके, गौरवग्रंथ, तालुक्यांच्या स्मरणिका वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. त्यांत बंदुकांचे आकडे भेटतात : अमुक ठाण्यातून इतक्या बंदुका आणल्या, तमुक गढीवर इतक्या होत्या. त्या बंदुकांत भरायला काय होते आणि किती होते, याचा हिशेब क्वचितच येतो. वास्तविक काडतूस संपले की बंदूक म्हणजे एक महागडी काठी. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या भूमीवर दोनशे वर्षांत बंदूक कशी भरली गेली आणि ती भरण्याचे सामर्थ्य कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेले, हे पाहिले तर १९४७-४८ मधल्या कित्येक गोष्टींचा उलगडा होतो.

ठासणीचे दिवस

फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरच्या परिसरात सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाला नमवले. मराठ्यांच्या बाजूने इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना होता आणि त्याच्याबरोबर पाश्चात्त्य पद्धतीची कवायत केलेली बंदूकधारी पलटण. तहात निजामाने सुमारे साठ लाखांचा मुलूख सोडला. वर्षभरातच हाच गारदी आणि हाच तोफखाना पानिपतावर गेला. पुढे १७९५ मध्ये खर्ड्याला दोन्ही सत्ता पुन्हा भिडल्या, तेव्हा निजामाकडे रेमंड या फ्रेंच सेनानीच्या हाताखाली तयार झालेल्या पलटणी होत्या. हैदराबादेत गनफाउंड्री नावाचा जो भाग आजही आहे, तो त्याच्या तोफांच्या कारखान्याची आठवण सांगतो.

या सगळ्या लढायांत बंदूक तोंडातून भरली जाई. आधी मोजून दारू, मग डाट, मग शिशाची गोळी, आणि हे सारे गजाने ठासून पक्के करायचे. कानावर रंजक ठेवायची आणि तिला तोड्याने किंवा चकमकीने आग द्यायची. आपल्या भाषेने हा क्रम जसाच्या तसा जपून ठेवला आहे. एखादी गोष्ट आपण ‘ठासून’ सांगतो, पोकळ धमकीला ‘फुसका बार’ म्हणतो, घाईने उरकलेल्या लग्नाचा ‘बार उडवतो’, भांडणाला ‘बत्ती देतो’. ठासणीच्या बंदुकीने मराठीला इतके वाक्प्रचार दिले. काडतुसाने मात्र जवळजवळ काहीच दिले नाही. हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांच्या ‘कार्तूशो’वरून आल्याचे मानले जाते. मला यात एक सामाजिक अर्थ दिसतो. जे काम माणसे स्वतःच्या हाताने करतात, त्याचे शब्द बोलण्यात उतरतात. काडतूस बाहेरून, बंद होऊन आले. त्याच्या पोटात काय आहे हे पाहण्याचे कारणच गावाला उरले नाही.

ठासणीच्या बंदुकीचा सारा शिधा मात्र गावाच्या आवाक्यातला होता. दारूला लागतो सोरा, कोळसा आणि गंधक. गंधक बाजारातून आणावे लागे. कोळसा रानात होता. आणि सोरा जमिनीत होता, कारण पिढ्यान् पिढ्या माणसे आणि जनावरे जिथे राहिली, त्या जुन्या गावठाणाच्या पांढऱ्या मातीत तो आपोआप धरतो. आपल्याकडच्या गढ्या त्याच पांढरीच्या मातीच्या आणि त्यांच्या भिंतींत बंदुका रोखण्यासाठी ठेवलेल्या तिरप्या भोकांना ‘जंग्या’ म्हणतात. शिसे वितळवून गोळ्या ओतायला एक साचा आणि चूल पुरे. बंदुकीचा घोडा, चाप, कमान दुरुस्त करणारा लोहार किंवा शिकलगार पंचक्रोशीत मिळे. गढीवरच्या देशमुखाला किंवा गावच्या रखवालदाराला एकदा बंदूक मिळाली की पुढची वीस-पंचवीस वर्षे तिला खायला घालण्यासाठी कोणत्याही सरकारची परवानगी लागत नसे.

कागदातून पितळेत

काडतुसाचा पहिला अवतार कागदी होता. मोजलेली दारू आणि गोळी कागदाच्या नळीत बांधून शिपायाला द्यायची. त्याने कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची आणि उरलेल्या कागदासकट गोळी ठासायची. म्हणजे काडतूस हे तेव्हा नुसते पुडके होते. बंदूक अजून ठासणीचीच होती. १८५७ साली एन्फिल्ड रायफलीच्या वंगण लावलेल्या कागदी काडतुसाने काय घडवले, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी जूनमध्ये औरंगाबादला हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात बंडाळी झाली. तिथे मुख्य कारण काडतूस नव्हते. दिल्लीच्या बादशहावर चालून जायला लावतील, ही भीती स्वारांच्या मनात होती. तरीही काडतूस ही वस्तू कुणी बनवली, कशाने बनवली आणि ती तोंडात का घालायची, हा प्रश्न त्या वर्षी साऱ्या हिंदुस्थानात विचारला गेला. दारूगोळा बनवणारा आणि वापरणारा यांच्यात पडलेल्या अंतराचा तो पहिला मोठा स्फोट होता.

यानंतर दहा वर्षांच्या आत कागद मागे पडला. १८६६ च्या सुमारास इंग्रजांनी मागून भरायची स्नायडर रायफल घेतली आणि तिच्यासाठी वुलिचच्या कारखान्यातील एडवर्ड बॉक्सर या अधिकाऱ्याने पातळ पितळी पत्र्याची पुंगळी तयार केली. टिकली, दारू, गोळी एकाच नळीत. पुढे मार्टिनी-हेन्री आली, तिच्या पुंगळ्या काही काळाने एकसंध पितळेतून ओढून काढल्या जाऊ लागल्या. १८८८ मध्ये थ्री-नॉट-थ्री आली आणि तीन-चार वर्षांत काळ्या दारूची जागा कॉर्डाइट नावाच्या धूर न करणाऱ्या दारूने घेतली. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये उभा राहिला, तो याच बदलाच्या भरात. बंगालमध्ये डमडम आधीपासून होतेच. तिथल्या मऊ टोकाच्या गोळीने इतकी भयंकर जखम होई की १८९९ च्या हेग परिषदेने तशा गोळ्यांवर बंदी घातली. ‘डमडम गोळी’ हे नाव मात्र जगभर राहिले.

१८५७ चा धडा इंग्रज विसरले नव्हते. गोऱ्या पलटणींच्या हाती नवी रायफल आली की जुनी देशी पलटणींना द्यायची, असे एक पिढीचे अंतर त्यांनी बरीच वर्षे जपले. आपल्या भागात हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, जालना, औरंगाबाद इथे कंटिंजंटच्या छावण्या होत्या. १९०३ मध्ये ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. छावणी तिथे चांदमारी, आणि चांदमारीचा नियम साधा होता : जितकी काडतुसे दिली तितक्या पुंगळ्या मोजून परत घ्यायच्या. रिकाम्या पुंगळीचाही हिशेब ठेवणारी ही शिस्त वरवर पितळेच्या काटकसरीची वाटते. खरे तर ती सत्तेची शिस्त होती. परत आलेली पुंगळी म्हणजे काडतूस बाहेर गेले नाही याची पावती.

कायद्याची एक ओळ

१८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत हिंदुस्थानचा शस्त्र कायदा झाला. या कायद्यावर राष्ट्रसभेने वर्षानुवर्षे ठराव केले, वर्तमानपत्रांनी लिहिले. पण ती सारी चर्चा ‘शस्त्र’ या शब्दाभोवती फिरली. मला त्या कायद्यातली दारूगोळ्याची व्याख्या अधिक बोलकी वाटते. तिच्यात चकमकीचे गारगोटीचे खडे आहेत, डाट आहेत, टिकल्या आहेत, दारूगोळ्याचे सगळे सुटे भाग आहेत आणि दारूगोळा बनवण्याची सगळी यंत्रसामग्रीही आहे. वगळले आहे ते काय? शिसे, गंधक आणि सोरा.

ही ओळ ज्याने लिहिली त्याला बंदूक कळत होती. शिसे, गंधक, सोरा हे व्यापारातले जिन्नस. ते अडवले तर रंगारी, वैदू, आतषबाजीवाला असे सारेच अडतात आणि हाती फारसे काही लागत नाही, कारण नव्या बंदुकीचे काम नुसत्या या तिघांवर चालत नाही. नाडी होती टिकलीत आणि यंत्रात. टिकलीतला स्फोटक पारा गावात बनत नव्हता आणि पितळेची पुंगळी ओढून काढणारा दाब गावच्या भात्यात नव्हता. तेवढ्या दोन जागा बांधल्या की बाकीचे मोकळे सोडले तरी चालत होते.

निजामाचे राज्य या कायद्याच्या थेट अमलाखाली नव्हते. संस्थानाची स्वतःची परवाना पद्धत होती. पण पितळी काडतुसांच्या बाबतीत सीमेच्या अलीकडे-पलीकडे फरक पडत नव्हता; काडतूस येणार ते खडकी, डमडम किंवा थेट विलायतेतून. किनवट, माहूरच्या जंगलांत शिकारीला येणारे अमीर-उमराव आणि अधिकारी बारा बोअरच्या बंदुकी वापरत. बोअर म्हणजे काय, तर एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतली एक नळीत बरोबर बसेल एवढे तोंड. मापात अजून जुन्या शिशाच्या तराजूची आठवण, पण काडतूस मात्र बर्मिंगहॅमचे. त्याच काळात गढीवरची ठासणीची बंदूक खुंटीला तशीच होती. एकाच तालुक्यात दोन युगे शेजारी शेजारी नांदत होती.

पुंगळी पुन्हा भरायची तर

इथे वाचक विचारील : रिकामी पुंगळी पुन्हा भरता येत नव्हती का? येत होती, आणि जगात अनेक ठिकाणी भरली जात होती. अमेरिकेच्या सैन्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दूरच्या ठाण्यांवर सरावाच्या पुंगळ्या पुन्हा भरायची अवजारे दिली होती. तिथेच जॉन बार्लो नावाच्या गृहस्थाने १८८४ मध्ये सांडशीच्या आकाराचे, खिशात मावेल असे भरणीचे अवजार विकायला सुरुवात केली. आपल्याकडेही शिकारी मंडळींकडे बारा बोअरची पुंगळी भरायची पेटी असे. तिच्यात जुनी टिकली ठोकून काढून नवी बसवायचे साधन, दारू-छऱ्यांचे माप, डाट दाबायचा लाकडी दांडा आणि कागदी पुंगळीची कड आत वळवणारे हाताने फिरवायचे छोटे यंत्र असे. दोन-तीनदा उडवल्यावर कागदी पुंगळीचे तोंड झिजून फाटे, मग तेवढा भाग कापून ती आखूड करून वापरत. पितळी पुंगळी अधिक टिके.

रायफलीच्या पुंगळीची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती समजल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. या पुंगळीला माणसासारखे अवयव आहेत : बूड, कड, अंग, खांदा, मान आणि तोंड. बार उडाला की आतल्या दाबाने पितळ फुगते आणि रायफलीच्या कोठीच्या भिंतीला घट्ट लागते. त्याच वेळी ते किंचित पुढेही सरकते. ती पुन्हा साच्यात दाबून मूळ आकारात आणली की हे सरकलेले पितळ मानेत जमा होते आणि पुंगळी लांब होते. थ्री-नॉट-थ्रीच्या पुंगळीची कमाल लांबी २.२२२ इंच, म्हणजे सुमारे ५६.४ मिलिमीटर. तिच्यापुढे वाढलेली पुंगळी कोठीत गेली तर तिचे तोंड कोठीच्या निमुळत्या भागात अडकते, गोळीला आवळून धरते, आणि गोळी वेळेवर सुटली नाही की दाब मर्यादेबाहेर चढतो. फुटते ती बंदूक, आणि तिच्यामागे डोळा असतो.

म्हणून पुंगळी कापून मापात आणायची. त्याच्या तीन वाटा रूढ झाल्या. पहिली सर्वांत जुनी : कठीण पोलादाच्या साच्यात पुंगळी बसवायची आणि वर डोकावणारी कड कानसने घासून साच्याच्या तोंडाशी सपाट करायची. हे स्वस्त, पण हळू. दहा-वीस नगांपुरते ठीक. दुसरी हातात धरायच्या कर्तकाची. त्याला एक सळई असते, ती मानेतून आत जाऊन बुडाला टेकते आणि तिथेच काप थांबतो. लांबी सळईनेच ठरवलेली, त्यामुळे चूक कमी होते; पण प्रत्येक जातीच्या पुंगळीला वेगळी सळई लागते. तिसरी छोट्या लेथसारखी : एका बाजूला पुंगळीचे बूड पकडायचे, दुसऱ्या बाजूने हाताने फिरणारे पाते आणायचे आणि थांबा एकदा पक्का केला की शेकडो पुंगळ्या एका मापाच्या. कोणतेही अवजार घेतले तरी कसोटी तीनच : काप सरळ आला का, पाचवी आणि पन्नासावी पुंगळी सारखीच उतरली का, आणि मान डगमगली नाही ना. कापल्यावर तोंडाला आतून-बाहेरून राहिलेली धार मारावी लागते, नाहीतर ती गोळी खरवडते. आणि या सगळ्याआधी हाती व्हर्नियर हवे, कारण हा सारा खेळ केसाएवढ्या फरकाचा आहे.

थ्री-नॉट-थ्रीला आणखी दोन अडचणी होत्या. लष्करी रायफलींची कोठी मुद्दामच थोडी सैल ठेवलेली असे, चिखल-धुळीतही काडतूस आत जावे म्हणून. त्यामुळे पुंगळी अधिक ताणली जाई आणि काही वेळा भरल्यानंतर बुडाजवळ तुटे. दुसरी अडचण टिकलीची. बॉक्सरच्या पद्धतीत टिकली ज्यावर आपटते ती ऐरण टिकलीतच असते आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एक भोक असते; आतून सळई घातली की जुनी टिकली सहज निघते. हिरम बर्डन या अमेरिकन गृहस्थाच्या पद्धतीत ऐरण पुंगळीच्या बुडालाच जोडलेली असते आणि तिच्या बाजूंना दोन बारीक भोके असतात; सळई आत जाईल पण टिकलीपर्यंत पोचणार नाही. गंमत अशी की इंग्रज बॉक्सरची पद्धत अमेरिकेने उचलली आणि अमेरिकन बर्डनची पद्धत ब्रिटिश लष्करी थ्री-नॉट-थ्रीत रूढ झाली. त्यामुळे अमेरिकेत पुनर्भरणी हा घरगुती छंद झाला. आपल्याकडची लष्करी पुंगळी मात्र एकदा उडाली की सामान्य माणसाच्या दृष्टीने पितळेचा तुकडा ठरली.

आमच्या भागातला लोहार अडाणी होता म्हणून हे झाले नाही. कानस त्याला चालवता येत होती, आणि चांगली चालवता येत होती. त्याच्याकडे नव्हते ते माप, टिकली आणि परवाना. या तिन्ही गोष्टी दूरच्या कचेऱ्यांत आणि कारखान्यांत होत्या.

सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस

आता त्या तेरा महिन्यांकडे वळू. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजाम आणि भारत सरकार यांच्यात जैसे थे करार झाला. तोवर लातूरला वकिली करणारा कासिम रझवी इत्तेहादचा अध्यक्ष आणि रझाकारांचा सर्वेसर्वा झाला होता. संघर्ष त्याआधीच पेटला होता. नांदेड जिल्ह्यात बिलोली भागात गोविंदराव पानसरे यांचा १९४६ मध्येच बळी गेला होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने सरहद्दीवर तळ उभारले. नांदेडच्या कार्यकर्त्यांचा तळ उमरखेडला होता, इतरांचे सोलापूर-बार्शीच्या बाजूला. जानेवारी १९४८ च्या अखेरीस उमरीच्या स्टेट बँकेवर धाड घालून लढ्यासाठी लाखो रुपये मिळवण्यात आले. साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखे अनुभवी कार्यकर्तेही या लढ्याच्या मदतीला आले.

पैसा होता, माणसे होती, जिद्द होती. अडचण होती ती काडतुसांची. सरहद्दीवरचे तळ भारतीय मुलखात होते आणि तिथे १८७८ चा तोच कायदा चालू होता; स्वतंत्र भारताने तो बदलला तो १९५९ मध्ये. एखाद्या करोडगिरी नाक्यावरून किंवा पोलीस ठाण्यातून रायफल हस्तगत करता येई, पण तिच्याबरोबर हाती येई ती शिपायाच्या पट्ट्यात असतील तेवढीच काडतुसे. ती संपली की पुढच्या धाडीची वाट पाहायची. म्हणजे शस्त्रासाठी धाड आणि धाडीसाठी शस्त्र, असे ते चक्र होते. या दृष्टीने वाचले तर ठाण्यांवरचे, नाक्यांवरचे हल्ले केवळ शौर्याची प्रकरणे राहत नाहीत. तो पुरवठ्याचा मार्ग होता.

दुसऱ्या बाजूचे चित्रही याच नजरेने पाहावे. पोलीस कारवाईच्या वृत्तांतांत निजामाचे सैन्य सुमारे बावीस हजार आणि रझाकार दोन लाखांच्या आसपास असे आकडे येतात. पण त्यांतच नोंद आहे की रझाकारांपैकी जेमतेम चौथ्या हिश्शाकडे आधुनिक हत्यारे होती, बाकीच्यांकडे ठासणीच्या बंदुका आणि तलवारी. दोन लाख हा आकडा भयंकर आहे आणि निःशस्त्र गावासाठी ठासणीची एक बंदूकही भयंकरच असते. त्या जुलमाला यामुळे कमीपणा येत नाही. पण लढाई म्हणून पाहिले तर ही फौज उदगीरच्या काळातले हत्यार घेऊन उभी होती. तुटवडा निजाम सरकारलाही कळत होता. म्हणून तर १९४८ च्या उन्हाळ्यात सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक लँकेस्ट्रियन विमानांतून कराचीहून शस्त्रे आणून बिदर आणि वरंगलच्या धावपट्ट्यांवर उतरवत होता. उदगीर तेव्हा बिदर जिल्ह्यातच होते. आभाळातून उतरणाऱ्या त्या पेट्या जमिनीवरच्या तुटवड्याचीच कबुली देत होत्या.

या दोन टोकांच्या मध्ये गढ्या होत्या. कंधार तालुक्यातल्या कल्हाळीच्या गढीने १९४८ मध्ये रझाकारांच्या हल्ल्याशी झुंज दिली आणि तिथे कित्येक माणसे कामी आली. गढीच्या मातीच्या भिंती आणि जंग्या ठासणीच्या युगासाठी बांधलेल्या. मिनिटाला पंधरा गोळ्या झाडणाऱ्या रायफलीसमोर एक बार भरायला पाऊण मिनिट घेणारी बंदूक किती काळ टिकणार? शौर्याचे माप त्या पाऊण मिनिटात आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरल्या. तुळजापूर, लातूर, मोमिनाबाद एकामागून एक ताब्यात आले. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली, १८ ला जनरल एल् इद्रूस यांनी जनरल चौधरींपुढे ती रीतसर केली. जी सत्ता अभेद्य वाटत होती ती पाच दिवसांत कोसळली, कारण तिच्यामागे कारखाना नव्हता.

इतिहास इथे थांबवणे सोयीचे आहे, पण प्रामाणिक नाही. सत्ता कोसळल्यानंतरच्या आठवड्यांत गावोगावच्या सामान्य मुसलमानांवर सूड उगवला गेला. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सर्वांत जास्त झळ पोचलेले जिल्हे म्हणून नोंदले आणि मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान मांडला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. म्हणजे आपले दोन्ही जिल्हे त्या यादीत आहेत. काल ज्याच्या हाती काडतूस होते त्याने ज्याच्या हाती नव्हते त्याला मारले. आज काडतूस पलीकडे गेले आणि मारणारे-मरणारे बदलले. निःशस्त्र माणूस दोन्ही वेळा निःशस्त्रच होता. मुक्तिसंग्रामाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ही बाजूही लिहिली पाहिजे. त्याने लढ्याचे तेज कमी होत नाही.

बुडावरची अक्षरे

गढीची माती उकरताना, विहिरीचा गाळ काढताना, नांगरटीत अजूनही एखादी हिरवट पडलेली पुंगळी सापडू शकते. बहुतेक वेळा ती मोडीत जाते, पितळेच्या भावाने. जाण्यापूर्वी तिचे बूड पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे. थ्री-नॉट-थ्रीच्या बुडावर कारखान्याची खूण, साल आणि गोळीच्या नमुन्याचा आकडा कोरलेला असतो. खडकीची खूण म्हणजे के आणि एफ ही अक्षरे आणि मध्ये सरकारी बाण. संस्थानी फौजांनाही फाळणीपूर्वी पुरवठा ब्रिटिश हिंदुस्थानातूनच होत असे, म्हणून नुसत्या खडकीच्या खुणेवरून कोणी झाडले हे ठरत नाही. पण साल बोलते. १९४२ ची पुंगळी कुणाचीही असू शकेल. १९४८ चे साल असलेली खडकीची पुंगळी निजामी फौजेकडे असण्याचा संभव फार थोडा. विलायती किंवा अन्य खुणेच्या पुंगळ्या एकाच जागी पुष्कळ सापडल्या तर आणखी वेगळे प्रश्न उभे राहतात. बुडाला टिकलीवर पडलेला घोड्याचा ठसा, खांद्याचा फुगवटा, मानेची लांबी यांवरून ती कशा स्थितीतल्या रायफलीतून गेली याचाही अंदाज बांधता येतो.

मात्र एक सावधगिरी हवी. १९५९ च्या कायद्यातही दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रे येतात. म्हणजे पुंगळी कापायचे अवजारसुद्धा कायद्याच्या दृष्टीने निरुपद्रवी हत्यार नव्हे. न उडालेले काडतूस दिसले तर हात न लावता पोलिसांना कळवावे. रिकामी सापडली तरी ती घासून लखलखीत करू नये, कारण घासताना साल जाते. सापडल्या जागीच छायाचित्र घ्यावे, शेताचा गट क्रमांक लिहावा, ठाण्यात नोंद करावी आणि ती जिल्ह्यातल्या एखाद्या संग्रहालयात किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागात पोचेल असे पाहावे.

आपल्या लढ्याच्या आठवणी सांगणारी पिढी आता जवळजवळ संपली. स्मरणिकांत जे छापले ते राहिले, जे छापले नाही ते गेले. पण आठवण पुसली तरी पितळ सहजासहजी गंजून नाहीसे होत नाही. एका गढीभोवती अशा पन्नास पुंगळ्यांची जागा, साल आणि खूण जरी नीट टिपली गेली, तरी त्या दिवशी कोण कुठे उभा होता आणि किती वेळ तग धरून होता, याचा नकाशा काढता येईल. तो नकाशा कुणाच्या बाजूने बोलेल हे आधी ठरवून कामाला लागायचे नाही. मोजणी आधी, निवाडा नंतर.